तयार खोली भाड्याची. किल्ली मात्र समाजाची हवी

चळवळीचा छापखाना कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला ‘केसरी’ तयार नव्हता, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द उपराच असतो. म्हणून पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ अशी पत्रे निघत गेली आणि चळवळीचा स्वतःचा छापखानाही उभा राहिला. आणि २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, तेव्हा बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस त्याच ढिगाऱ्याखाली गेली, हेही आपण उघड्या डोळ्यांनी पाहिले. १९२० चा नकार बाहेरून आला होता. २०१६ चा घाव विश्वस्तांच्या वादातून, म्हणजे घरातूनच आला. हे दोन्ही धडे एकत्र वाचले पाहिजेत, असे आम्हांला वाटते.

आज छापखान्याचे रूप बदलले आहे. खिळे जुळवणारा कंपोझिटर गेला, शाईचा वास गेला. आजचा छापखाना म्हणजे सर्व्हर. आपली मुले रोज हजारो शब्द लिहितात, जलशांचे व्हिडिओ टाकतात, मोर्च्यांची छायाचित्रे टाकतात. पण कुठे? परक्या कंपन्यांच्या भिंतीवर. ऑर्कुटवर आपल्या तरुणांनी किती चर्चा केल्या, किती वाद घातले! ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. याहू ग्रुप्सवर आपल्या शिकलेल्या पिढीने वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला. तो मजकूर कंपनीने काढून टाकला आणि डिसेंबर २०२० मध्ये ते दुकानही बंद केले. कोणी आपल्याला विचारले नाही आणि विचारण्याचे कारणही नव्हते. भिंत त्यांची होती.

ऑर्कुट बंद झाल्यावर आमच्या वस्तीतील बुद्धविहाराच्या ग्रंथालयात आम्ही सात-आठ जण बसलो. कपाटात जुन्या स्मरणिका होत्या, जयंती मंडळांची हस्तपत्रके होती, जलशाच्या गाण्यांच्या वह्या होत्या. शिवाजी पार्कवर ६ डिसेंबरला मांडलेल्या दुकानांतून वर्षानुवर्षे घेतलेल्या, आता कोणत्याही ग्रंथालयात न सापडणाऱ्या पुस्तिका होत्या. हे सगळे स्कॅन करून आपल्याच सर्व्हरवर ठेवायचे, असे ठरले. २०१५ साली आम्ही पहिला क्लाऊड सर्व्हर घेतला. त्यात काय घडले आणि काय बिघडले, ते आज मोकळेपणाने सांगायचे आहे. कारण तीच चूक आज गावोगावची मंडळे, वाचनालये आणि विद्यार्थी संघटना करीत आहेत.

आधी क्लाऊड म्हणजे काय ते समजून घेऊ. नाव ढगाचे आहे, पण वस्तू जमिनीवरचीच आहे. मोठमोठ्या इमारतींत रांगेने यंत्रे लावलेली असतात. त्यातल्या एका दांडग्या संगणकात सॉफ्टवेअरच्या भिंती घालून अनेक भाग पाडतात आणि एकेक भाग भाड्याने देतात. चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजवायला नको. इमारत एक, जिना एक, आणि ज्याची त्याची खोली वेगळी. ॲमेझॉनने २००६ साली अशा खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये तिचा मुंबई विभाग सुरू झाला. आज अनेक कंपन्या हा धंदा करतात. सगळ्यात लहान खोली महिना चार-पाच डॉलरला, म्हणजे साधारण चार-पाचशे रुपयांना मिळते, वर जीएसटी. एका मंडळाच्या मंडपाच्या खर्चात ती कित्येक वर्षे चालेल.

खोली रिकामी घेता येते, किंवा भांड्याकुंड्यांसह तयार घेता येते. रिकामी घेतली तर लिनक्स ही कार्यप्रणाली, पाने वाचकापर्यंत पोहोचवणारा अपाची, माहिती साठवणारा मायएसक्यूएल आणि आपण लिहिलेल्या आज्ञा पाळणारी पीएचपी किंवा पायथॉन ही भाषा, हे सगळे आपणच बसवायचे. तयार घेतली तर हे चारही एकमेकांशी जोडून ठेवलेले असतात. यादीतून नाव निवडायचे, विभाग निवडायचा, बटण दाबायचे. दोन-चार मिनिटांत सर्व्हरचा पत्ता हातात. पीएचपी आणि पायथॉन यांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. त्यात लिहिलेला कार्यक्रम आधी वेगळा शिजवून ठेवावा लागत नाही. फाईल ठेवली की दुभाषा ओळ वाचतो आणि काम करतो. म्हणूनच बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेला वस्तीतला मुलगाही एका रविवारी कामाची स्क्रिप्ट लिहू शकतो.

आणि हे सगळे फुकट आहे, कारण ते खुले आहे. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्स लोकांसमोर ठेवले. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फने स्वतःच्या पानासाठी केलेली पीएचपी १९९५ मध्ये सर्वांना देऊन टाकली. त्याच्याही आधी, १९८३ साली, रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची घोषणा केली होती. सॉफ्टवेअर वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क प्रत्येकाला असला पाहिजे, ही ती भूमिका. ज्यांच्या पूर्वजांच्या कानावर ज्ञान पडू नये म्हणून धर्मशास्त्रांनी शिक्षा लिहून ठेवल्या, त्यांना या हक्काची किंमत वेगळी सांगायला नको. इथे पोथी उघडी आहे. वाचायचे की नाही, हे आपल्यावर आहे.

आम्ही वाचली नाही. तयार खोली मिळाली म्हणून आनंदाने राहायला गेलो. पहिला फटका पहिल्याच आठवड्यात बसला. आमची स्मरणिका चाळीस एमबीची होती आणि ती काही केल्या चढेना. दोन दिवस आम्ही इंटरनेटला दोष दिला. मग कळले, पीएचपीच्या मूळ सेटिंगमध्ये दोन एमबीपेक्षा मोठी फाईल घेतच नाहीत. सेटिंगच्या फाईलमधला एक आकडा बदलायचा होता. एक नव्हे, दोन. कारण पाठवलेल्या एकूण मजकुराची मर्यादा वेगळी, आणि ती आठ एमबी.

दुसरा फटका १४ एप्रिलचा. १३ तारखेच्या रात्री बारा वाजता वस्तीत फटाके वाजले, जयभीमचा गजर झाला. त्याच क्षणी विशेषांक झळकावा म्हणून आम्ही स्क्रिप्टला वेळ लावून दिली होती. अंक झळकला पहाटे साडेपाचला. सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर लावलेले होते, आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे. त्याच्या लेखी आमच्या मध्यरात्री अजून १३ तारखेची संध्याकाळच होती.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आले. तिसरा फटका मात्र हसण्यासारखा नव्हता. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी जलशाच्या वह्यांतली दीडशेच्या वर गाणी रात्र रात्र जागून टाईप केली आणि थेट सर्व्हरवर भरली. महिन्याभराने उघडून पाहिली तर पानभर नुसती प्रश्नचिन्हे. प्रत्येक अक्षराच्या, प्रत्येक काना-मात्रेच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह. कारण साधे होते. मायएसक्यूएल २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ ही अक्षरपद्धती गृहीत धरून चालत असे. तीत पश्चिम युरोपच्या भाषांची अक्षरे आहेत, देवनागरी नाही. आमची जोडणी युनिकोडची, पण तक्ता लॅटिन-१ चा. जे अक्षर त्याला ओळखता आले नाही, तिथे त्याने प्रश्नचिन्ह ठेवले आणि मूळ अक्षर फेकून दिले. ते परत मिळत नाही. गुरुजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्या वहीपासून बसले.

वाचकहो, यात कोणाचा द्वेष नव्हता. ज्यांनी ती खोली सजवली त्यांच्या डोळ्यांसमोर आपली भाषा नव्हती, आपले घड्याळ नव्हते, आपल्या स्मरणिकेची जाडी नव्हती, एवढेच. पण ‘एवढेच’ म्हणून आपण किती गोष्टी सोडून देणार? ज्याला सर्वसाधारण म्हणतात ते नेहमी कोणाच्या तरी सोयीचे असते, हे गावकुसाबाहेर राहिलेल्या समाजाइतके कोणाला ठाऊक आहे? तेव्हा तयार वातावरण अवश्य घ्यावे, त्याने महिन्याचे काम मिनिटांत होते. पण आत पाऊल टाकताच तीन गोष्टी तपासाव्यात: अक्षरपद्धती, वेळ आणि मर्यादा. आणि चौथी म्हणजे कुलूप. नवा सर्व्हर सुरू होऊन फार वेळ जात नाही, तोच जगभरची यंत्रे त्याचे दार खडखडवू लागतात; नोंदवहीत त्याच्या ओळीच्या ओळी दिसतात. पासवर्डने दार उघडणे बंद करून एसएसएच किल्ली वापरावी, माहितीकोशाचे दार बाहेरून उघडे ठेवू नये, चाचणीसाठी ठेवलेली पाने पुसून टाकावीत. सवर्ण असो वा बहुजन, चोरटे यंत्र कोणाची जात विचारत नाही.

पण जात विचारत नाही ते यंत्र. यंत्रामागची माणसे विचारतात की नाही, याचा बोभाटा जून २०२० मध्ये अमेरिकेत झाला. सिस्को या बड्या कंपनीतील दलित अभियंत्याला सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून वागणूक दिली, असा आरोप करून कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने दावा लावला. संगणकाच्या क्षेत्रात जात नसते, असे आम्हांला सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एवढा दाखला पुरे.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. सर्व्हर कोणाच्या नावावर होता? आमच्यातल्या एका हुशार मुलाच्या. त्याचाच ईमेल, त्याचेच कार्ड. विहाराच्या मंडळाकडे बँकेचे पासबुक होते. क्रेडिट कार्ड कुठून असणार? आम्ही दर सहा महिन्यांनी वर्गणी काढून त्याच्या हातात पैसे द्यायचो. पुढे तो नोकरीसाठी बंगळूरला गेला, लग्न झाले, जुना ईमेल पाहायचे सुटले. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि कार्डावरून आपोआप कापले जाणारे अनेक हप्ते अडले. आमचाही अडला. कंपनीने सूचना पाठवल्या असणार, पण त्या ज्या पेटीत पडल्या ती पेटी कोणी उघडत नव्हते. आधी सर्व्हर बंद झाला, मग मुदत संपल्यावर पुसला गेला. बॅकअप होता का? होता. त्याच सर्व्हरवर, शेजारच्या फोल्डरमध्ये. घराला आग लागली तर कागदपत्रे वाचावीत म्हणून ती त्याच घराच्या दुसऱ्या पेटीत ठेवावीत, तसे ते झाले.

स्मरणिका पुन्हा स्कॅन करता आल्या. गाणी तिसऱ्यांदा टाईप होत आहेत. पण १९७९ च्या नामांतर लाँग मार्चमध्ये चालत गेलेल्या आमच्या वस्तीतील एका आजींचे दोन तासांचे ध्वनिमुद्रण होते. पायांना फोड कसे आले, वाटेतल्या वस्त्यांनी भाकरी कशा आणून दिल्या, पोलिसांच्या गाडीत बायकांनी कोणती गाणी म्हटली, हे सगळे त्यांनी आपल्या आवाजात सांगितले होते. मूळ मुद्रण ज्या मोबाईलवर होते तो केव्हाच मोडीत गेला होता. आणि आजी तोपर्यंत राहिल्या नव्हत्या. हे नुकसान कोणत्याही कंपनीने केले नाही, कोणत्याही मनुवाद्याने केले नाही. ते आम्ही केले.

त्या मुलाला दोष देणे सोपे आहे. आमच्या बैठकीत काहींनी दिलाही. पण सहा वर्षे त्याने फुकट राबून हे चालवले होते. दोष आहे तो एका माणसाच्या खांद्यावर सगळे टाकून निर्धास्त होण्याच्या आपल्या सवयीचा. संघटनेचा शिक्का अध्यक्षाच्या खिशात, पावतीपुस्तक खजिनदाराच्या घरी, आणि आता पासवर्ड एकाच्या डोक्यात. गट फुटला की शिक्का जातो, पावतीपुस्तक जाते आणि संकेतस्थळही जाते. बाबासाहेबांनी संस्था काढल्या, ट्रस्ट नोंदवले, घटना लिहिल्या, त्या कशासाठी? माणूस गेला तरी काम चालावे म्हणून.

गेल्या वर्षी हे काम पुन्हा उभे राहिले. या वेळी ते वस्तीतल्याच एका मुलीने हाती घेतले. तिने पहिल्याच दिवशी विचारले, “काका, खोली तयार मिळाली होती खरी, पण ती कशी तयार केली हे कुठे लिहून ठेवलंय का?” आमच्याकडे उत्तर नव्हते. तिने सर्व्हर घेण्याआधी एक साधी मजकुराची फाईल लिहिली. कोणती लिनक्स, पीएचपीची कोणती आवृत्ती, कोणते जोडभाग, अक्षरपद्धती कोणती, वेळ कोणती, फाईल किती मोठी चालेल. २०१३ पासून डॉकर नावाचे साधन आले आहे. त्याला अशी फाईल दिली की तो ती वाचून तेच वातावरण कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर, नाहीतर विहारातल्या जुन्या संगणकावरही, जसेच्या तसे उभे करतो. डबा कोणाचाही असो, पाककृती आपल्या वहीत राहते.

याची गरज किती आहे, ते २०२५ मध्ये दिसले. बिटनामी हे नाव तयार डब्यांच्या जगात घरोघरी झाले होते; जगभरच्या हजारो लहान संस्था त्यांचे फुकट डबे वापरत. ही कंपनी २०१९ मध्ये व्हीएमवेअरने घेतली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअरच ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेली. २०२५ मध्ये नव्या मालकाने फुकटातले बहुतेक डबे जुन्या मालाच्या कोठारात हलवले. तिथे दुरुस्त्या होत नाहीत. ताजा आणि सुरक्षित माल हवा असेल तर पैसे मोजा. आतले सॉफ्टवेअर खुलेच राहिले, बांधून देण्याची सोय तेवढी गेली. ज्यांच्याकडे पाककृती होती त्यांचे काम एका दिवसात दुसरीकडे सुरू झाले असेल. ज्यांच्याकडे नुसता डबा होता त्यांची धावपळ उडाली असणार.

शिवाय तयार वस्तूला मुदत असते. पायथॉनच्या दुसऱ्या पिढीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. पीएचपी ७.४ च्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबल्या. आपल्या कित्येक संघटनांची संकेतस्थळे २००० नंतरच्या दशकात कोणीतरी हौसेने लिहून दिली आणि तशीच राहिली. माहितीकोशाशी बोलण्याची त्यांतली जुनी पद्धत पीएचपीच्या सातव्या आवृत्तीतून २०१५ मध्येच काढून टाकली आहे. ती नव्या सर्व्हरवर चालत नाहीत, आणि जुन्यावर ठेवणे म्हणजे दार उघडे टाकून झोपणे.

हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारील. नुसती पाने दाखवण्यासाठी नव्हे. आमचे बरेचसे साहित्य डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. त्यात मराठी अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षर असते. ‘धर्मांतर’ शोधा, काही सापडत नाही. त्या मुलीने पायथॉनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. जुन्या फॉन्टचे एकेक चिन्ह युनिकोडमध्ये बदलायचे. ऱ्हस्व वेलांटी तिथे अक्षराच्या आधी असते, ती मागे न्यायची. रफार मागे असतो, तो पुढे आणायचा. छापील पानांसाठी टेसरॅक्ट हे खुले साधन मराठी अक्षरे ओळखते. ते चुका करते, पण आमचे गुरुजी त्या दुरुस्त करायला बसलेले आहेत. रात्री सर्व्हर पाने वाचतो, सकाळी गुरुजी तपासतात. आता एखाद्या मुलाने आपल्या गावाचे नाव टाकले, की कोणत्या वर्षी कोणत्या जयंतीला तिथे कोण बोलले ते समोर येते. आपला इतिहास आपल्याला शोधता येणे, ही लहान गोष्ट नाही. बाबासाहेबांच्या ग्रंथांची छपाई रखडली म्हणून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सरकारच्या कपाटावर विसंबून राहिल्याचे फळ काय, ते त्यात दिसले.

म्हणून आमचे प्रत्येक मंडळाला, प्रत्येक वाचनालयाला सांगणे आहे. सर्व्हर आणि संकेतस्थळाचे नाव संस्थेच्या नावे घ्या, संस्थेच्या ईमेलवर घ्या आणि तो ईमेल पाहण्याची जबाबदारी ठरावाने नेमून द्या. वर्षभराचे पैसे आगाऊ भरता येत असतील तर भरा. किल्ल्या तिघांकडे ठेवा, त्यात एक तरी मुलगी असू द्या. एक कागदी वही ठेवा. तिच्यात आवृत्ती, मुदत आणि भाड्याची तारीख लिहा आणि ती वही विहाराच्या कपाटात ठेवा. साहित्याच्या तीन प्रती ठेवा: एक सर्व्हरवर, एक विहारातल्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावच्या मंडळाकडे. आणि वर्षातून दोनदा, १४ एप्रिलच्या आधी आणि अशोक विजयादशमीच्या आधी, त्या प्रतीवरून सगळे पुन्हा उभे करून पाहा. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, तो आहे असे समजू नका.

आमच्या विहारात गेल्या महिन्यात हे पहिल्यांदा करून पाहिले. जुन्या संगणकावर, हार्डडिस्कवरून, पाऊण तासात सगळे उभे राहिले. गुरुजींनी शोधपेटीत एका गाण्याचा पहिला शब्द टाईप केला. गाणे आले. प्रश्नचिन्ह एकही नव्हते. मागे आजींचा मुलगा उभा होता. त्याने विचारले, “आईचा आवाज आहे का यात?” आम्ही नाही म्हणालो. हे उत्तर आणखी कोणत्या वस्तीत कोणाला द्यावे लागू नये, म्हणून हे लिहिले.

जयभीम.